ड्रोन परत येताना भरकटतो तेव्हा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ड्रोनने होणारी फवारणी पाहायला आता गर्दी जमत नाही. ऊस डोक्याएवढा झाला की पाठीवर पंप घेऊन फडात शिरणं जिकिरीचं होतं. पानं अंग कापतात, औषध तोंडावर येतं, आणि मजूर तर मिळतच नाही. दहा लिटरची टाकी घेऊन गेलेला ड्रोन त्याच फडाचा एकर आठ-दहा मिनिटांत उरकतो. सरळ ओळी मारत असताना तो सहसा कुणाला त्रास देत नाही. तक्रारी येतात त्या परतीच्या. टाकी रिकामी झाली, बॅटरी उतरली किंवा रिमोटचा संपर्क तुटला की ड्रोन आपणहून माघारी फिरतो. सगळे त्याला आरटीएच, म्हणजे रिटर्न टू होम, म्हणतात. आणि त्या दोन-तीन मिनिटांत तो शेजाऱ्याच्या रानात उतरतो, तारेला धडकतो, एका जागी घिरट्या घालत बसतो किंवा अर्ध्या वाटेतच खाली येतो.

बांधावर उभं राहून मग दोनच निदानं ऐकू येतात: मशिन बिघडलं, नाहीतर सिग्नल गेला. मला ही दोन्ही निदानं घाईची वाटतात. परतीत भरकटलेल्या बहुतेक ड्रोनांनी त्यांना दिलेला हुकूम तंतोतंत पाळलेला असतो. हुकूम काय होता, हे उडवणाऱ्याला ठाऊक नसतं, कारण तो त्याला कुणी उघडून दाखवलेलाच नसतो.

परत येण्यासाठी ड्रोनला चार गोष्टी माहीत असाव्या लागतात. घर कुठे, कोणत्या उंचीवरून जायचं, आपलं तोंड कुठे आहे, आणि मुळात परत का फिरायचं. चारांपैकी एक जरी चुकली तरी बाकीच्या तीन बरोबर असून उपयोग नसतो. त्यातही सगळ्यात जास्त घोटाळे पहिल्या गोष्टीत होतात, म्हणून तिच्यावर जरा थांबायला हवं.

होम पॉइंट म्हणजे पायलट उभा आहे ती जागा, असा समज सर्रास आढळतो. तसं नसतं. आर्डुपायलट या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ड्रोनमध्ये मोटारी आर्म केल्या, म्हणजे फिरायला सज्ज केल्या, त्या क्षणी तो जिथे असतो, ती जागा घर म्हणून नोंदली जाते. फोटोच्या छोट्या ड्रोनांत चालू केल्यावर जीपीएस पहिल्यांदा नीट पकडलं गेलं ती जागा धरतात. घाईत जीपीएस स्थिर होण्याआधीच उडवला, तर काही ड्रोन हवेत गेल्यावर घर नोंदवतात, आणि ते घर फडाच्या मधोमध कुठेही असू शकतं.

फवारणीच्या कामात याची एक ठरलेली फसगत आहे. पिकअप नीरा डाव्या कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर उभी असते. पहिला प्लॉट तिथून उडवून होतो. दुसरा प्लॉट दोनशे मीटर पुढे असतो. टाकीत औषध शिल्लक असतं, बॅटरीही बरी असते, म्हणून ड्रोन हवेतच ठेवून माणसं, कॅन आणि गाडी पुढे सरकतात. थोड्या वेळाने टाकी संपते. ड्रोन वर चढतो, सगळ्यांच्या डोक्यावरून मागे निघून जातो आणि जुन्या जागी, आता तिथे लागलेल्या दुसऱ्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर उतरू लागतो. पायलट ओरडतो की ड्रोन पळाला. ड्रोन तर घरीच चाललेला असतो. काही यंत्रणांत घर रिमोटच्या जागेवर हलवता येतं, काहींत खाली उतरवून पुन्हा आर्म करावं लागतं. आपल्या ड्रोनमध्ये यातलं काय आहे, हे गाडी हलवण्याआधी माहीत हवं.

हाच प्रकार भिगवणला पाण्यावर होतो. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं मंदिर वर येतं, आणि दोन्ही वेळा कॅमेऱ्याचे ड्रोन घेऊन माणसं येतात. होडीतून उडवलेल्या ड्रोनचं घर म्हणजे पाण्यावरचा एक बिंदू. होडी वाऱ्याने पन्नास मीटर सरकली तरी ड्रोन त्याच बिंदूवर येतो आणि शांतपणे पाण्यात उतरतो. त्यातून खालचे कॅमेरे आणि सेन्सर जमिनीवरच्या खुणा धरून काम करतात; हलत्या, चमकत्या पाण्यावर त्यांना धरायला काही सापडत नाही. होडीतून उडवायचाच असेल तर आपोआप परतीवर विसंबू नये, हातानेच आणावा. पक्ष्यांच्या थव्यांजवळ ड्रोन नेऊच नये, हे माझं मत वेगळं आणि ठाम आहे.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते आणि बेलवाडीला गोल रिंगण होतं. तिथे घराची जागा सरकत नाही, पण घरच भरून जातं. सकाळी मोकळ्या पडलेल्या ज्या पट्ट्यातून ड्रोन उडवला, तिथे वीस मिनिटांनी पाय ठेवायला जागा नसते. बॅटरी कमी झाल्यावर यंत्र त्या गर्दीवर येऊन खाली उतरू लागतं. म्हणून असे ड्रोन फक्त परवानगी असलेल्यांनी उडवावेत, आणि त्यांनीही उतरण्याची जागा दोरी बांधून शेवटपर्यंत राखावी.

आता उंची. आर्डुपायलटमध्ये परतीची उंची बदलली नाही तर ती पंधरा मीटर असते. ड्रोन त्याखाली असेल तर आधी सरळ वर पंधरा मीटरवर चढतो, मग घराकडे निघतो. त्याहून वर असेल तर आहे त्याच उंचीवरून येतो. पंधरा मीटर ऐकायला पुष्कळ वाटतात. ती उंची मात्र घराच्या जमिनीपासून मोजलेली असते, खाली येणाऱ्या प्रत्येक बांधापासून नव्हे. नीरेच्या किंवा कऱ्हेच्या काठच्या मळईत गाडी लावून उडवलं आणि फवारणी वरच्या टप्प्यातल्या रानात चालली असेल, तर मधला चढ आठ मीटरचा सहज निघतो. मग वरच्या रानात ड्रोन जमिनीपासून फक्त सात मीटरवरून परत फिरतो. तिथे नारळ आहे, आंब्याचं जुनं झाड आहे, विहिरीवर गेलेली लाइन आहे.

तारांबद्दल सविस्तर बोललं पाहिजे, कारण या भागात प्रत्येक विहिरीला, प्रत्येक डीपीला लाइन गेलेली आहे. अकरा केव्हीच्या लाइनचे खांब साधारण आठ-नऊ मीटरचे असतात, मोठ्या वाहिन्यांचे मनोरे तीस मीटरच्या पुढे जातात. फवारणी ड्रोनचा रडार पिकाचा पृष्ठभाग ओळखण्यात वाकबगार असतो. बारीक, लांब, हवेत लोंबणारी तार त्याला भरवशाने दिसत नाही, विशेषतः ड्रोन तारेला तिरकस येत असेल तेव्हा. फवारणीच्या वेळी तारा अडचण ठरत नाहीत, कारण पायलटने नकाशा आखताना लाइन टाळलेली असते. परतीची रेष मात्र नकाशावर कुणी आखलेली नसते. ती जिथून फिरला तिथून घरापर्यंत सरळ असते, आणि त्या सरळ रेषेत काय येतं, ते टाकी कुठे संपली यावर ठरतं. म्हणून उडवण्याआधी प्लॉटच्या चारही कोपऱ्यांतून गाडीकडे नजर टाकावी आणि सगळ्यात उंच अडथळ्याच्या वर किमान दहा मीटर धरून उंची लावावी.

मग ती शंभर मीटरच का लावू नये, असं विचारणारे भेटतात. बारामतीत तसं करणं चुकीचं आहे आणि त्याचं कारण एमआयडीसीतल्या धावपट्टीवर आहे. तिथे वैमानिक प्रशिक्षणाची विमानं दिवसभर उडतात. २५ जुलै २०२२ रोजी असंच एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीच्या परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. संकटात सापडलेलं विमान कोणत्या रानावर किती खाली येईल, हे सांगता येत नाही. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, पण चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवताच येत नाही. डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा पाहिल्याशिवाय या भागात परतीची उंची ठरवणं धोक्याचं आहे.

उंची वाढवण्यात दुसराही तोटा आहे, तो वाऱ्याचा. पिकाच्या दोन-तीन मीटर वरून फवारताना वारा उसाने, बांधावरच्या झाडांनी अडवलेला असतो. ड्रोन वीस-पंचवीस मीटरवर चढला की त्याला खरा वारा लागतो. समजा ड्रोनचा कमाल वेग सेकंदाला दहा मीटर आहे आणि समोरून सहा मीटरचा वारा आहे. तो घराकडे चार मीटरच्या वेगाने सरकतो. चारशे मीटरचं अंतर वारा नसताना चाळीस सेकंदांत कापलं असतं, त्याला आता शंभर सेकंद लागतात. भरल्या टाकीने ज्या यंत्राची एकूण उडण्याची वेळ दहा-बारा मिनिटांची, त्याच्या उरलेल्या बॅटरीत हे शंभर सेकंद बसतीलच असं नाही. खालून पाहणाऱ्याला मात्र ड्रोन हवेत अडकून पडल्यासारखा दिसतो आणि तो रिमोटवर काहीबाही दाबायला लागतो. परत येणं वाऱ्याच्या दिशेने होईल अशा बेताने सुरुवातीची जागा निवडणं, एवढा एक नियम पाळला तरी या प्रकारच्या बऱ्याच घटना टळतील.

वळवाच्या दिवसांत तर यात कसलीही सवलत नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वारा इतका अचानक उठतो, हे या काठावरच्या प्रत्येकाला तेव्हापासून माहीत आहे. मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेला ढग चढताना दिसले की ड्रोन खाली आणावा. टाकीत किती औषध उरलं हा हिशेब नंतर करता येतो.

तिसरी गोष्ट दिशा, आणि इथे होकायंत्राचा संबंध येतो. जीपीएस ड्रोन कुठे आहे ते सांगतं; त्याचं तोंड कुठे आहे ते प्रामुख्याने होकायंत्र सांगतं. ते लोखंडाने आणि विजेच्या प्रवाहाने बिघडतं. पिकअपच्या हौद्यात ठेवून चालू केलेला ड्रोन, पत्र्याच्या शेडशेजारी किंवा सळई घातलेल्या स्लॅबवर केलेलं कॅलिब्रेशन, मोटारीच्या जाड वायरी होकायंत्राजवळून नेलेली दुरुस्ती, या सगळ्यांनी दिशा काही अंशांनी फिरते. त्याचा परिणाम जवळून पाहण्यासारखा आहे. ड्रोन घराच्या वर येतो आणि त्याला दोन मीटर उत्तरेला सरकायचं असतं. दिशा चाळीस अंशांनी चुकलेली असल्यामुळे तो उत्तर समजून ईशान्येला सरकतो. जीपीएस सांगतं की अजून घर आलं नाही. तो पुन्हा दुरुस्ती करतो, पुन्हा तितक्याच अंशांनी चुकतो. खालून दिसतं ते असं की ड्रोन एका अदृश्य खांबाभोवती गोल फिरतोय. चूक थोडी असेल तर वर्तुळ आवळत जातं आणि तो कसाबसा उतरतो. ती वाढली तर वर्तुळ मोठं होत जातं, आणि नव्वद अंशांपलीकडे गेली की घराकडे टाकलेलं प्रत्येक पाऊल त्याला घरापासून लांब नेतं. अशा वेळी पुन्हा पुन्हा आरटीएचचं बटण दाबण्यात अर्थ नसतो. तेच बटण त्याला फिरवत असतं. जीपीएसचा आधार काढून घेणाऱ्या, फक्त उंची धरणाऱ्या मोडमध्ये घेऊन हाताने खाली आणणं हा उपाय आहे. तो ऐनवेळी शिकता येत नाही, आधी सरावात असावा लागतो.

उपग्रहांवर ढकलली जाणारी कारणं मात्र मी सावधपणे घेतो. १० आणि ११ मे २०२४ रोजी सौर वादळाने जगभर जीपीएसमध्ये गोंधळ घातला. अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले, हे खरं आहे. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे सूर्यास्तानंतर आयनोस्फिअरमध्ये उठणाऱ्या बुडबुड्यांनी सिग्नल थरथरतो, हेही खरं आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था कोल्हापूरच्या केंद्रातून त्यांचं निरीक्षण करत आली आहे. पण ते बुडबुडे अंधार पडल्यावरचे. सकाळी सात वाजता डाळिंबाच्या बागेवर घसरलेल्या ड्रोनचं कारण तिथे शोधण्यापेक्षा जीपीएसच्या अँटेनावर औषधाचा थर बसलाय का, तिची वायर सैल झालीय का, हे आधी बघावं.

जीपीएस खरोखर गेलं तर काय होतं, हे मात्र नीट समजून घ्यावं. घरी परतायला आपली जागा माहीत असावी लागते. ती माहीत नसेल तर आर्डुपायलटसारखी यंत्रणा परत येण्याचा प्रयत्नच सोडते आणि आहे तिथे उतरू लागते. उतरताना जागा धरता येत नसल्यामुळे वाऱ्याबरोबर वाहत जाते. अर्ध्या वाटेत शेततळ्यात बसलेल्या ड्रोनची गोष्ट पुष्कळदा हीच असते.

चौथी गोष्ट, म्हणजे परत का फिरला. टाकी, बॅटरी, सिग्नल, कुंपण म्हणजे जिओफेन्स, की चुकून दाबलेलं बटण. बॅटरीचं बघायचं तर जुनी बॅटरी भरल्या टाकीच्या ओझ्याखाली दाबली जाते, तिचा व्होल्टेज काही सेकंद मर्यादेखाली जातो, आणि पडद्यावर चाळीस टक्के दिसत असताना ड्रोन माघारी वळतो. सिग्नलच्या बाबतीत एक धोकादायक गोष्ट आहे. काही रिसीव्हर संपर्क तुटल्यावर शेवटची आलेली आज्ञा तशीच पुढे पाठवत राहतात. फ्लाइट कंट्रोलरला रिमोट जिवंतच वाटतो. तो परत फिरतच नाही, सरळ पुढे जात राहतो. जुना ड्रोन विकत घेणाऱ्याने ही एक सेटिंग आधी तपासावी. पंखे काढून टेबलावर ड्रोन चालू करायचा, रिमोट बंद करायचा आणि पडद्यावर मोड बदलतो का ते पाहायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

घडून गेल्यावर खरं कारण शोधायचं तर ते लॉगमध्ये असतं. आर्डुपायलटच्या लॉगमध्ये मोड कधी बदलला याची नोंद असते आणि तिच्याशेजारी कशामुळे बदलला, त्या कारणाचा आकडाही असतो. त्या एका ओळीवरून निम्मा वाद मिटतो. पुढे त्या क्षणाचा बॅटरीचा व्होल्टेज, उपग्रहांची संख्या, नोंदवलेल्या घराचे अक्षांश-रेखांश आणि दिशेचा आलेख एवढंच पाहायचं. घराचा बिंदू नकाशावर टाकला आणि तो आदल्या प्लॉटच्या बांधावर पडला, तर पुढचं काही उघडायची गरजच नाही. मी जो क्रम वर घेतला, घर, उंची, दिशा, कारण, त्याच क्रमाने शोधावं असं मला वाटतं, कारण स्वस्त आणि सर्वाधिक घडणाऱ्या चुका आधी हाती लागतात.

अडचण अशी की लॉग उडवणाऱ्याच्या हातात नसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी तयार ड्रोनांच्या आयातीवर बंदी आली, सुटे भाग आणायची मुभा राहिली, आणि देशी कंपन्या वाढल्या. ते चांगलंच झालं. पण प्रत्येकीचं ॲप वेगळं, सेटिंगची नावं वेगळी, आणि बऱ्याच ठिकाणी लॉग फक्त सर्व्हिस सेंटरवाला उघडतो. शेतकऱ्याला किंवा पायलटला शेवटी एका वाक्याचा निकाल मिळतो: तुमची चूक. कशी, ते दाखवलं जात नाही. ट्रॅक्टर गॅरेजला गेला की मालक मिस्त्रीशेजारी उभा राहून इंजिन उघडताना बघतो. ड्रोनवाल्यालाही तेवढा हक्क हवा.

हे सगळ्यात जास्त लागू पडतं ते बचत गटांच्या ड्रोन दीदींना. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५ हजार गटांना ड्रोन द्यायचं ठरलं, किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त आठ लाखांपर्यंत साहाय्य आणि १५ दिवसांचं प्रशिक्षण. त्यातले पाच दिवस पायलटचे, दहा शेतीकामाचे. त्या पंधरा दिवसांत आरटीएचचं बटण दाखवलं जातं. बटण दाबल्यावर ड्रोन काय ठरवतो आणि कशावरून ठरवतो, याला अर्धा दिवस तरी द्यायला हवा. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालले आहेत, जानेवारीत कृषिक प्रदर्शनात ड्रोनची प्रात्यक्षिकं होतात. तिथेच एका रानात मुद्दाम सिग्नल तोडून, मुद्दाम घर चुकवून दाखवण्याचं प्रात्यक्षिक ठेवलं तर सगळ्यात मोठी गर्दी तिथे होईल.

नियमांचंही एवढं लक्षात असावं. अपघात झाला तर ४८ तासांत डिजिटल स्कायवर कळवावं लागतं आणि अडीचशे ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला त्रयस्थ विमा सक्तीचा आहे. फवारणीचा भरलेला ड्रोन पंचवीस किलोच्या घरात जातो. नियमांइतकंच लोकांच्या भीतीचंही भान हवं. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या गावांत रात्री फिरणाऱ्या ड्रोनांची भीती पसरली होती, लोक गच्चीवर जागत होते. अंधार पडता पडता वस्तीवर घिरट्या घालणारा फवारणी ड्रोन तिथे काय प्रसंग ओढवू शकतो, ते सांगायला नको.

जुलैत आडसालीच्या लागणी सुरू होतात. पहिल्या फवारणीआधी एक सकाळ मोकळी ठेवावी. टाकीत औषधाऐवजी निम्मं पाणी, माणसं लांब, तारा नसलेलं पड रान, आणि ड्रोन पन्नास मीटर अंतरावर. आधी बटण दाबून परत आणावा, हात काड्यांवर ठेवून. मग घर हलवून पुन्हा. मग वाऱ्याच्या उलट बाजूने. किती मीटर चढला, कुठे थांबला, किती सेकंद लागले आणि व्होल्टेज किती उतरला, हे वहीत लिहून ती वही बॅटरीच्या पेटीत ठेवावी, म्हणजे हंगामात दुसऱ्या कुणाच्या हाती ड्रोन गेला तरी त्याला ती वाचता येईल.